मिसच्या कॉलेजचं पहिलं पान

माझी दोन्ही बाळंतपणं नॉर्मल झाली. थोरलीचं रत्नागिरीला, धाकट्याचं इकडे गल्फमध्ये, फुजैऱ्यात. दोन्ही वेळा डॉक्टरीण आली, हसली आणि म्हणाली, सगळं नॉर्मल आहे. तेव्हापासून तो शब्द माझ्या घरचाच. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, पाहुणे नसले की जेवण नॉर्मल. त्याचा अर्थ डिक्शनरीत बघ, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आणि याच एका शब्दापायी मी एका भल्या बाईची नोकरी घालवायला निघाले होते, तेही अगदी सुबक अक्षरांत, चुकीचं एकही टिंब न देता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आमचे हे बंदरावर, जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत. मी गावातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये. टायपिंग सेंटर म्हणजे काय, हे गल्फमध्ये न राहिलेल्यांना सांगायला हवं. इथे सरकारी कचेरीत जायचं तर अर्ज अरबीत टाइप केलेला लागतो, आणि अर्ज करणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना अरबी येत नाही. मग ते आमच्याकडे येतात. व्हिसा, भाड्याचा करार, बायकोला बोलावणं, मुलाचा दाखला, सगळं आम्ही लिहून द्यायचं. दुकानात दोन मशीन, एक पंखा, एक कुरकुरणारा एसी आणि भिंतीलगत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मालक केरळचे, बोलायचे हिंदीत, चिडायचे मल्याळममध्ये.

अरबी अक्षर मी लहानपणी मोहल्ल्यात मौलवीसाहेबांकडे गिरवलं होतं. वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. अर्थ मी फुजैऱ्यात शिकले, शेजारच्या फिलिस्तिनी बाईकडून, तिला मच्छीचं सार शिकवता शिकवता. दोन-तीन वर्षांत मी अशी तयार झाले की मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "मॅडम का लेटर कभी वापस नहीं आता." आणि ते खरंच होतं. मी कॉलर ताठ करून फिरायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, एवढं डोकं वर करून चालू नको गो, दाराची चौकट लागेल. त्यांचं मी कधी ऐकलं नाही.

तर अशा माझ्यासमोर एके दिवशी मिस येऊन बसल्या.

मिस म्हणजे माझ्या लेकीच्या शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिका. सगळे त्यांना नुसतं मिस म्हणायचे, मीही तेच म्हणते. पन्नाशी उलटलेली, उंच, ताठ, केस अगदी बारीक कापलेले आणि कापसासारखे पांढरे. अमेरिकन होत्या, आणि काळ्या होत्या. हे दुसरं आधी सांगायला हवं, कारण लोक तेच आधी बघायचे. दुकानदार त्यांना सुदानी समजून भराभर अरबीत बोलायचे. शाळेत दोन-चार पालकांनी तर चौकशी केली होती म्हणे, की अमेरिकन टीचर देणार होतात, ती कुठंय? त्यात आमचे कोकणातले लोकही होते, खोटं कशाला बोलू. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांना आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मुजरे घातले, आणि इथे येऊन नाकं मुरडतात. पण मिसनी एक वर्ष शिकवलं आणि सगळ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. माझी लेक, जी वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, ती घरी मला उलट उत्तरं द्यायला लागली, तीही इंग्रजीत. याचं श्रेय मी मिसनाच देते.

मिसचं काम असं होतं. शाळेच्या हेडमिस्ट्रेस रिटायर होऊन मायदेशी चालल्या होत्या, आणि त्यांच्या जागी मिसना नेमायचं शाळेने ठरवलं होतं. त्यासाठी दुबईतल्या एका कचेरीचा कागद लागायचा, की या बाईंची पदवी आम्हाला मान्य आहे. पदवीचं सर्टिफिकेट, त्याचं शिक्क्याचं भाषांतर, सगळं गेलं होतं. पण मिसचं कॉलेज इतकं छोटं, इतकं आडगावातलं, की कचेरीतल्या कुणी त्याचं नावच ऐकलं नव्हतं. त्यांनी उलट विचारलं होतं, ही संस्था काय आहे, कधीपासून आहे, तिचा इतिहास अरबीत जोडा. मिसनी कॉलेजच्या जुन्या माहितीपुस्तकातली दोन पानं आणली होती. एवढी अरबीत करून दे, म्हणाल्या. शाळा जूनअखेर बंद होणार होती. तोवर कागद आला तर हेडमिस्ट्रेस. नाही आला तर दुसरी बाई ठरलेली होती, मिसचा करार खलास आणि करारासोबत व्हिसाही खलास.

मी म्हटलं, दोन पानं ना? बसा, चहा घ्या, आत्ता देते.

आत्ता कसलं, अख्खी सकाळ गेली. कारण मी एक ओळ टाइप करायची आणि पुढे काय झालं ते मिसनाच विचारायची. पुस्तकात दोन ओळी असायच्या आणि मिसकडे त्याची गोष्ट असायची. अमेरिकेच्या दक्षिणेला, कापसाच्या शेतांमधल्या एका गावात गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचं एक चर्च होतं. त्या चर्चच्या तळघरात ती शाळा सुरू झाली. काल-परवापर्यंत ज्यांना अक्षर शिकणं गुन्हा होता, ते लोक. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून एकच मुळाक्षर गिरवायचे. मग तळघर पुरेना, म्हणून चर्चच्या लोकांनी मागे लाकडी इमारत उभारली, तिला एका रात्री कुणीतरी आग लावली. आग कुणी लावली ते पुस्तकात नव्हतं. मिस म्हणाल्या, गावात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग पुन्हा तळघरात भरला, एकाही पोराची गैरहजेरी नाही. पुढच्या इमारतीच्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः पाडल्या, भाजल्या आणि रचल्या. शाळेचं कॉलेज झालं, मग चार वर्षांची पदवी देणारं कॉलेज झालं. आजही तिथे फार तर काही शे मुलं असतील, मिस म्हणाल्या, पण दार एकही वर्ष बंद झालं नाही.

आणि मग ती अंड्यांची ओळ आली. चर्चमधल्या बायकांकडे द्यायला पैसा नव्हता, पण प्रत्येकीच्या दारात कोंबड्या होत्या. त्यांनी आपसात ठरवलं, रविवारी कोंबडी जे अंडं घालेल ते कॉलेजचं. घरात पोरं उपाशी असली तरी रविवारच्या अंड्याला हात लावायचा नाही. त्यांच्या गावात एक महाचिकट बाई होती म्हणे, तिच्या कोंबड्या नेमक्या रविवारी अंडी घालायच्याच नाहीत. मिस ते सांगताना इतक्या हसल्या की चहा सांडला.

मी मात्र मशीनवरचे हात काढून बसले. आमच्या मोहल्ल्यात चुलीशेजारी एक मडकं असायचं. भात शिजत घालताना आधी एक मूठ तांदूळ त्या मडक्यात पडायचा, मग उरलेला भांड्यात. महिन्याने जमातीची माणसं घरोघर येऊन मडकं रिकामं करून न्यायची. त्या मुठी-मुठीवर आमच्या गावची शाळा उभी राहिली, ज्या शाळेत मी शिकले. मी हे मिसना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, की मग तुला समजावून सांगायची गरजच नाही.

आणि तिथेच तर गाडं अडलं होतं. मला सगळं समजलंय असं त्यांना वाटलं, आणि मलाही.

कारण पहिल्या पानावर, अगदी पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं, की ही संस्था चर्चने एक 'नॉर्मल स्कूल' म्हणून सुरू केली. बाकी शब्दांसाठी मी डिक्शनरी दहादा उघडली. तळघराला काय म्हणतात, वीटभट्टीला काय म्हणतात, सगळं तपासलं. नॉर्मलला कशाला तपासायचं? माझ्या दोन्ही डिलिव्हऱ्या नॉर्मल! मी ठोकून दिलं, 'मदरसा आदिया'. साधी शाळा.

कागद गेला, आणि मे महिना संपता संपता परत आला. माझ्या हातचा परत आलेला पहिला कागद. खाली अरबीत दोन ओळी होत्या. सदर संस्था ही अर्जदाराच्याच म्हणण्यानुसार एक साधी शाळा आहे, साध्या शाळेला पदवी देता येत नाही, सबब अर्ज नामंजूर.

मिस खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना त्या दोन ओळी इंग्रजीत सांगितल्या तशी त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि तिचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. मला मात्र कचेरीचा असा संताप आला. मेल्यांना सगळं वाचायला नको, पहिली ओळ वाचली आणि शिक्का हाणला! साध्या शाळेचं पुढे कॉलेज झालं हे खाली एवढं सविस्तर लिहिलंय, ते डोळ्यांना दिसलं नाही? मी अर्धा तास बडबडले.

मालकांनी तोडगा काढला. म्हणाले, "पहला पेज निकाल दो ना. कॉलेज बना, वहाँ से चालू करो." मलाही पटलं. घरी ह्यांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, की कशाला हवंय ते तळघर आणि साधी शाळा, उगाच हात दाखवून अवलक्षण. लेक जेवता जेवता ऐकत होती. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "मम्मी, इज मिस लीव्हिंग?" मी म्हटलं, गप जेव, काही लीव्हिंग-बिव्हिंग नाही, तुझी आई बसलीय इथे. ती मुकाट जेवली, पण चार घासांतच उठली.

दुसऱ्या दिवशी मी मिसना बोलावलं आणि मोठ्या हुशारीने तोडगा सांगितला. एक पान कमी करू, दुसरं ठेवू, आठवड्यात काम होईल. मिसनी मान हलवली. नाही म्हणाल्या. मी पुन्हा समजावलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. जून सुरू झाला होता, दिवस मोजके उरले होते आणि ही बाई दोन पानांतलं एक पान सोडायला तयार नव्हती. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, मिस, तुम्हाला ही नोकरी पाहिजे की ते पान?

"माझी आई त्याच नॉर्मल स्कूलमधून शिक्षिका होऊन बाहेर पडली," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते पान लपवून हेडमिस्ट्रेस व्हायचं असेल, तर मी माझी बॅग भरते."

आता यावर कुणीही शहाणी बाई गप्प बसली असती. मी कुठली गप्प बसते! मी म्हटलं, पण मिस, साध्या शाळेतून कुणी शिक्षिका कसं होईल? साधी शाळा शिकून तर माणूस साधाच राहतो.

मिसच्या कपाळावर आठी आली. साधी कोण म्हणालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच. नॉर्मल.

मग मी टाइप केलेलं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, पहिलं वाक्य मला इंग्रजीत वाचून दाखव, तू जे लिहिलंस तेच. मी वाचलं. ऑर्डिनरी स्कूल. मिसचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. मग त्यांनी मला सांगितलं. त्या काळी जिथे शिक्षक तयार करायचे त्या शाळेला नॉर्मल स्कूल म्हणत. शिकवायचं कसं, याचा नमुना घालून देणारी शाळा. गावोगावच्या पोरांना शिकवायला कुणी गोरा येणार नव्हता, म्हणून चर्चने आधी शिकवणाऱ्या तयार करायचं ठरवलं. त्या तळघरातून पोरी निघायच्या आणि पायी वीस-वीस मैल जाऊन शाळा काढायच्या.

"अगो बाई, म्हणजे आमचं डी.एड.!" मी मराठीतच ओरडले. मालक दचकले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. माझी सख्खी थोरली बहीण, आपा, रत्नागिरीला डी.एड. करून शिक्षिका झाली होती. तिच्या पाठाच्या वह्या मी रंगवून दिल्या होत्या, तिच्या परीक्षेसाठी मी जादा नफल नमाज पढले होते. आणि तशाच शाळेला मी सरकारदरबारी साधी शाळा म्हणून कळवून मोकळी झाले होते. कचेरीचा काही दोष नव्हता. त्यांनी मी लिहिलेलं वाचलं आणि त्याचा सरळ अर्थ लावला. दोष सगळा माझा, माझ्या नॉर्मल डिलिव्हऱ्यांचा आणि त्या ताठ कॉलरचा. मला इतकी लाज वाटली की मी मिसची माफी आधी इंग्रजीत मागितली, मग पुन्हा मराठीत.

मिसनी ते पान घडी घालून पर्समध्ये टाकलं. मग म्हणाल्या, की आमच्या शाळेला आजवर लोकांनी नाही नाही ती नावं ठेवली, जाळूनसुद्धा पाहिली, पण ऑर्डिनरी म्हणणारी तू पहिलीच. आणि हसल्या. त्यांचं ते हसणं ऐकलं आणि मी ढसाढसा रडले. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

मालकांना खरं सांगितलं तेव्हा ते आधी त्यांच्या भाषेत पाच मिनिटं बोलले. मग म्हणाले, टायपिंग मिस्टेक लिहून पाठवून दे. मी म्हटलं, नाही. पोस्टाने नाही, आणि टायपिंग मिस्टेक तर अजिबात नाही. माझं टायपिंग बरोबर होतं, डोकं चुकलं होतं. मी स्वतः जाऊन सांगते. त्यांनी रजा दिली, पगार कापून.

शनिवारी पहाटे मिस आणि मी शेअर टॅक्सीने दुबईला निघालो. माणशी पंचवीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे अडीचशे रुपये. डोंगर उतरेपर्यंत मी काय बोलायचं ते अरबीत घोकत होते. एकच अडचण होती. डी.एड. कॉलेजला अरबीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. डिक्शनरीत एक शब्द सापडला होता, पण आता माझा डिक्शनरीवरही विश्वास नव्हता आणि स्वतःवर तर नव्हताच.

काउंटरवर एक बाई होती, काळ्या अबायात, माझ्याच वयाची असेल. फाइल बघून म्हणाली, हे तर झालंय, खलास. मी म्हटलं, झालंय ते चुकीचं झालंय, आणि चूक माझी आहे, या बाईंची नाही, यांच्या कॉलेजची तर नाहीच नाही. ती मान वर करून बघायला लागली. बहुधा त्या काउंटरवर स्वतःची चूक सांगायला कुणी आलेलं नसावं. मी सांगत सुटले. ही साधी शाळा नव्हती, बहिणी, ही अशी शाळा होती जिथे मुली शिक्षिका व्हायला शिकायच्या, जिथून बाहेर पडून त्या दुसऱ्या गावी जायच्या आणि शिकवायच्या, त्या शाळेला तुमच्यात काय म्हणतात ते मला येत नाही, माझ्या देशात डी.एड. म्हणतात.

"दार अल मुअल्लिमात?" ती म्हणाली.

शिक्षिकांचं घर. शब्द कानावर पडला आणि मला कळलं की हाच तो. ती पुढे म्हणाली, की तिला पहिलं अक्षर ज्या बाईंनी शिकवलं त्या परदेशातून आल्या होत्या, तिकडच्या दार अल मुअल्लिमातमधून शिकून. त्या आल्या नसत्या तर ती या खुर्चीत नसती. हे तिने मिसकडे बघत सांगितलं, मी मध्ये इंग्रजीत उलथा करत होते. मग एकदम कामाचा चेहरा करून म्हणाली, पण तोंडी चालत नाही. दोन्ही पानं नव्याने टाइप करून आणा. काउंटर एक वाजता बंद होतो. उद्यापासून मी रजेवर आहे, आणि तुमची ही कथा दुसरं कुणी ऐकेल याची खात्री मी देत नाही.

साडेअकरा वाजले होते. जवळच्या टायपिंगच्या दुकानांपुढे ही रांग. बर दुबईत मालकांच्या ओळखीचं एक दुकान होतं, पण खाडीच्या पलीकडच्या काठाला. टॅक्सी मिळेना. मी मिसचा हात धरला आणि आम्ही खाडीकडे धावलो. जूनचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. खाडी ओलांडणारी होडी, अब्रा, भरत आलेली होती, होडीवाला म्हणाला जागा नाही. मिस सरळ उडी मारून आत बसल्या. त्या वयात! मग मीही चढले.

बर दुबईतल्या दुकानातला टायपिस्ट म्हणाला, दोन तास लागतील. मी म्हटलं, भाईसाब, तुम्ही जरा चहा पिऊन या. आणि त्याच्या खुर्चीत बसले. आयुष्यात इतकं भराभर आणि इतकं घाबरून मी कधी टाइप केलेलं नाही. तळघर, आग, विटा, रविवारची अंडी, एक शब्द गाळला नाही. मिस शेजारी उभ्या राहून पंख्याने उडणारे कागद दाबून धरत होत्या. 'दार अल मुअल्लिमात' टाइप केलं आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून तीनदा वाचलं. टायपिस्ट चहा पिऊन आला तेव्हा मी शेवटची ओळ संपवत होते. त्याने कागद वाचला आणि पैसे घेतले नाहीत.

एकला दहा मिनिटं कमी असताना आम्ही काउंटरवर. दोघींच्या कपड्यांतून घाम निथळत होता. ती बाई पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, कुठल्या ओळीवर आहेत ते. दुसऱ्या पानावर ती थांबली, आणि मागे वळून शेजारच्या टेबलावरच्या बाईला तिने ती अंड्यांची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. दोघी हसल्या. मग तिने पानं फाइलला लावली, शिक्का मारला आणि म्हणाली, इन्शाल्ला.

गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला विचारा, या शब्दाने काय होतं ते. इन्शाल्ला म्हणजे नक्की होईल, आणि इन्शाल्ला म्हणजे कधीच होणार नाही. कुठला इन्शाल्ला आहे हे निकाल लागल्यावरच कळतं. पुढचे पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. मिस शाळेत पेपर तपासत होत्या, आणि घरी अर्धं सामान खोक्यांत भरून झालं होतं. मला त्यांनी ते सांगितलं नाही, लेकीने सांगितलं.

कागद आला. मिस हेडमिस्ट्रेस झाल्या. माझी लेक त्यांच्या हाताखाली शाळा पूर्ण करून पुढे गेली, आणि दोन हजार साल उलटल्यावर चार वर्षांनी मिस स्वतःच्या मर्जीने, हारतुरे घेऊन मायदेशी गेल्या. त्यांना नाकं मुरडणारे आमचे लोकच तेव्हा एअरपोर्टवर सगळ्यांत पुढे होते. हे सगळं पुढचं. पण तो कागद आला ती दुपार अजून सांगायची आहे.

इथे घरी टपाल येत नाही, पोस्टाच्या पेटीत येतं. मिसनी पत्ता आमच्या सेंटरच्या पेटीचा दिला होता. मालकांनी पेटीतून लिफाफा आणला आणि मी शाळेत फोन लावला. मिस शाळा सुटायची वाट न बघता आल्या. दुकानात तेव्हा आठ-नऊ जण बसलेले, पठाण ड्रायव्हर, बंगाली गवंडी, आपले दोन-तीन बंदरावरचे खलाशी, ज्याचा त्याचा फॉर्म हातात. मिसनी लिफाफा घेतला, उलटसुलट बघितला आणि न उघडता मला परत दिला. तूच लिहिलंस, तूच वाच, म्हणाल्या.

मी फोडला. आधी मनात वाचला आणि लगेच मोठ्याने अरबीत वाचून दाखवला. कॉलेजचं नाव अरबी अक्षरांत होतं, गावाचं होतं, मिसचं होतं. मग इंग्रजीत सांगितलं, की या कॉलेजने दिलेली पदवी ही विद्यापीठाच्या पदवीच्या बरोबरीची आहे.

मिसनी हात वर करून मला थांबवलं. तो शब्द कोणता आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, तुआदिल. बरोबरीची. ईक्वल.

त्यावर मिस जे बोलल्या ते मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते. "मी लहान होते तेव्हा कायद्यात लिहिलं होतं की आमच्या शाळा वेगळ्या आहेत, पण बरोबरीच्या आहेत. छप्पर गळायचं, पुस्तकं गोऱ्या मुलांनी टाकलेली असायची. ज्यांनी तो शब्द लिहिला ते कधी बघायलाही आले नव्हते." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हा शब्द लिहिण्याआधी तिथल्या बाईने सगळं वाचलं. तळघरापासून."

मग पर्स खुर्चीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या. दोन्ही हात शरीराला लावून, शाळेत प्रार्थनेला मुलं राहतात तशा ताठ. म्हणाल्या, पुन्हा वाच, अरबीतच वाच, मोठ्याने.

पठाणाने त्यांच्याकडे बघितलं आणि तो उठला. त्याला काय वाटलं कोण जाणे, दुआ आहे की राष्ट्रगीत. मग गवंडी उठला, टोपी काढून हातात घेतली. मग खलाशी. काउंटरमागे मालक उभे राहिले. खुर्च्यांचा आवाज थांबेपर्यंत मी वाट पाहिली, मग मीही उभी राहिले आणि कॉलेजच्या नावापासून वाचायला लागले.